पॉलिटी तीनदा वाचली तरी प्रश्न चुकतात, कुठे चुकतंय?

माळरान_९८:
नमस्कार सगळ्यांना. राज्यसेवेची तयारी करतेय, हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या अभ्यासिकेत बसते, क्लास नाही, पुण्यात राहायचा खर्च घरच्यांना झेपणारा नाही. पॉलिटीचं, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेचं, जाडजूड पुस्तक तीनदा झालं, वाचताना सगळं कळतं आणि प्रश्न समोर आला की दोन पर्यायांत अडकते. काल टायमर लावून सराव पेपर सोडवला, त्यात विधान परिषदेने विधेयक नाकारलं तर पुढे काय असा प्रश्न होता, मी सरळ संयुक्त बैठक (दोन्ही सभागृहं एकत्र बसून मतदान) टिक केलं आणि चुकलं. जिल्हा नियोजन समिती कुठल्या घटनादुरुस्तीने आली, तोही गेला, मी ७३ वी लिहिली. चार चुकले की एका बरोबर उत्तराचे मार्क जातात, आणि मेन्स तर आता वर्णनात्मक झालीय. कलमं पाठ करत बसू का समजून घेत बसू, खरंच कळेना झालंय.

दुसरी_मेन्स:
ताई, संयुक्त बैठकीत मीपण असाच मार्क घालवलाय. आपण संसद एका महिन्यात वाचतो, विधिमंडळ दुसऱ्या महिन्यात, आणि संसदेचं तिकडे चिकटवून टाकतो. आयोग नेमका तिथेच प्रश्न टाकतो.

संयुक्त बैठक कलम १०८ मध्ये, फक्त संसदेसाठी. आजवर तीनच विधेयकांसाठी झाली, १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँक सेवा आयोग, २००२ पोटा (दहशतवादविरोधी कायदा). राज्यात ती सोयच नाही. तिथे १९७ बघ, विधानसभेनं पाठवलेलं विधेयक परिषदेनं नाकारलं किंवा तीन महिने तसंच ठेवलं तर विधानसभा ते परत मंजूर करून पाठवते, मग परिषदेकडे फक्त एक महिना, त्यानंतर परिषद काहीही म्हणो, ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. आणि विधेयक परिषदेतच सुरू झालं असेल आणि विधानसभेनं नाकारलं तर तिथेच संपलं.

आता स्वतःला विचार की परिषदेला एवढा कमी अधिकार का. १६९ वाच. विधानसभेनं विशेष बहुमताने ठराव केला आणि संसदेनं साधा कायदा केला की परिषद बरखास्त होऊ शकते, आंध्रात १९८५ ला झाली आणि २००७ ला परत आली. राज्यसभेचं असं होत नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतसुद्धा आपल्या २८८ आमदारांना मत आहे, एकेकाच्या मताचं मूल्य १७५, परिषदेच्या ७८ जणांना मतच नाही. हे सगळं एका धाग्यात आलं की मग विसरत नाही.

मी वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे केंद्र, उजवीकडे राज्य. ७२ समोर १६१ (क्षमादान), १२३ समोर २१३ (वटहुकूम), ११० समोर १९९ (धनविधेयक), ७६ महान्यायवादी समोर १६५ महाधिवक्ता. आणि ज्या ओळीत उजवीकडे काहीच येत नाही, जसं १०८, किंवा १४८ चा कॅग (महालेखापरीक्षक), त्या ओळीला लाल पेन. परीक्षेच्या आदल्या रात्री मी फक्त लाल ओळी वाचते.

गावगाडा:
मी ग्रामसेवक आहे, नोकरी करत तयारी चालू आहे, नियोजन समितीचं सांगतो. ७३ वी पंचायतींची, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, ७४ वी नगरपालिकांची, १ जून १९९३ पासून. समिती जिल्ह्यातल्या पंचायती आणि नगरपालिका दोघांचे आराखडे एकत्र करते म्हणून आपल्याला वाटतं ती पंचायतीत असणार, पण ती २४३ झेडडी, म्हणजे ७४ वीतली. सदस्यांपैकी किमान चार पंचमांश हे पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेले असतात, हे पण विचारतात.

आणि एक मनापासून, जमलं तर गावच्या ग्रामसभेला जाऊन बस. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी ते, हे पुस्तकात एक ओळ आहे, पण पारावर माणसं मोजताना आणि पावसामुळे ६० च आलीत म्हणून सभा तहकूब होताना बघितलं की डोक्यात बसतं. गेल्या वेळी एका आजोबांनी मला विचारलं की अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत म्हणता मग आमच्या हातात काय आहे. त्यांना नीट उत्तर द्यायला मला रात्री २४३ जी परत वाचावं लागलं. त्यात राज्य विधिमंडळ अधिकार 'देऊ शकेल' असं आहे, 'देईल' असं नाही. किती द्यायचं हे राज्यावर सोडलंय. मेन्सला पंचायत राजवर लिहिताना याच्यावरूनच सुरुवात कर, बाकी मुद्दे आपोआप येतात.

अभ्यासिका_कोपरा:
वरचं सगळं मान्य पण समजून घ्या म्हणजे पाठ करू नका असं कोणी वाचू नये. प्रिलिमला जोड्या लावा येतात, तिथे कलम नंबर माहीत नसेल तर समजलेलं कामाला येत नाही. साठ-सत्तर कलमं घोकायचीच, रोज सकाळी दहा मिनिटं. आणि संविधानाची मराठी प्रत शेजारी ठेव, आयोगाचे मराठी शब्द तिथलेच असतात, अधिकारपृच्छा वाचलेलं असतं आणि पेपरात त्याच रिटसाठी (को वॉरंटो) क्वाधिकार आला की माणूस गोंधळतो.

माळरान_९८:
ताई, दादा, खूप आभार. काल रात्री पान दुमडून बसले, बारा ओळी झाल्या, त्यातल्या तीन लाल. एकावर अडलेय. राज्य लोकसेवा आयोगाचा सदस्य राज्यपाल नेमतात (३१६), राजीनामा पण राज्यपालांकडे, मग पदावरून काढायचं पण राज्यपालांनीच ना?

दुसरी_मेन्स:
नाही, ३१७. काढायचा अधिकार राष्ट्रपतींना, आणि गैरवर्तनाचं कारण असेल तर आधी सुप्रीम कोर्टाकडे चौकशीला पाठवावं लागतं. चौकशी चालू असताना निलंबित मात्र राज्यपाल करू शकतात. नेमणाऱ्याच्याच हातात काढणं ठेवलं असतं तर आपली परीक्षा घेणारी माणसं राज्य सरकारच्या दबावात आली असती ना. निवृत्तीचं वय पण शेजारी लिही, यूपीएससी ६५, राज्य ६२. ही तुझी चौथी लाल ओळ.