मदत हवी आहे: बुर्किना फासोतल्या विणकर बायकांची मजुरी

मंडळी, हातमागावरच्या आमच्या अभ्यासगटासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारा यांच्या काळातल्या (१९८३-८७) 'फासो दान फानी' या सुती कापडावर टिपण लिहिते आहे. कापूस देशातला, विणकाम देशातलं, आणि सरकारी नोकरांनी तेच कापड घालायचं असा आग्रह. जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाच्या आफ्रिकी परिषदेत संकारा यांनी अंगावरच्या कपड्यांचाच दाखला दिला: कापूस आमचा, विणलाय आम्ही, शिवलाय आम्ही. स्वावलंबन असं अंगावर घालून दाखवणारा नेता विरळाच! मला तर हे फार मोलाचं वाटतं.

पूर्वी तिथे पुरुष अरुंद पट्ट्या विणत, त्या कडेला कड लावून शिवल्या की कापड तयार होई. या काळात बायका मोठ्या संख्येने मागावर आल्या. इथवर माहिती जमली आहे. भाषणाचा इंग्रजी अनुवाद आणि संकारांची इंग्रजी चरित्रं वाचून झाली. त्यांत राजकारण भरपूर, मागावरचा हिशेब जवळपास नाही. खादीशी तुलना करणारे लेख कृपया नकोत. फ्रेंच मला येत नाही, पण नेमकं पान सांगितलंत तर भाषांतर करून घेईन.

विणकर बायकांना सूत कोण पुरवायचं, मजुरी थेट त्यांच्या हातात पडायची का, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये संकारांची हत्या झाल्यावर या बायकांच्या कामाचं काय झालं, हे कुठे वाचायला मिळेल?