रविवार संध्याकाळची मेस

शिकायला बाहेरगावी गेलं की घरची आठवण पहिल्या महिन्यातच काय ती येते, मग सवय होते, असं बरेच जण म्हणतात. माझं उलटं झालं. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरहून २०१९ साली पुण्यात इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा पहिला महिना सहलीसारखा गेला. नंतर मात्र एकेक रविवार अंगावर यायला लागला. पुण्यातल्या मेसवाल्यांचा नियम ठाऊकच असेल: रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. दुपारी गुलाबजाम चापायचे आणि रात्री पार्ले-जी पाण्यात बुडवून खायचे. (दूध आणायचा कंटाळा, दुसरं काय!) नेमका त्याच वेळी आईचा फोन, "जेवलास का?" मी बिनदिक्कत "हो" म्हणायचो.

भाषेचं वेगळंच. पहिल्याच आठवड्यात रूममेटला आमच्याकडच्या बोलीत "काय करूलालास?" (काय करतोयस?) विचारलं, तर तो अर्धा मिनिट बघतच राहिला. मग वर्गभर तीच नक्कल. दिवाळीत घरी गेलो तर चुलतभाऊ म्हणाला, "पुणेरी बोलूलालास की रे!" म्हणजे इकडचा नाही, तिकडचाही नाही.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो. बारावीच्या मार्कांचा माज एम-वनने, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताने, उतरवला. इन-सेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ९. घरी सांगितलं नाही. एंड-सेमला ७० पैकी कसेबसे ३४ पडले आणि विषय सुटला.

त्या सेमिस्टरला आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मी तळाशी दोन चमचे उरवून तसाच ठेवला होता. खवट झाली, तरी टाकवली नाही.