‘राजुला’वर काढलेले दिवस : आपले अनुभव लिहा

१९२६ साली ग्लासगोत बांधलेली ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘राजुला’ ही आगबोट, महायुद्धात सैनिक वाहिले ती वर्षे सोडली, तर १९७३ पर्यंत मद्रास, पेनांग, सिंगापूर अशा फेऱ्या करत राहिली. तिच्या जोडीची ‘रोहना’ नोव्हेंबर १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात जर्मन बॉम्बने बुडाली आणि हजाराहून अधिक सैनिक गेले. ‘राजुला’वर प्रवास किंवा नोकरी केलेल्यांनी, अथवा घरात तिच्याविषयी ऐकलेल्यांनी, जे आठवते ते लिहावे. आलेली उत्तरे खाली आहेत; प्रत्येक परिच्छेद वेगळ्या व्यक्तीचा आहे.

वडिलांची नोकरी पेनांगला असल्यामुळे नवव्या वर्षी मी तिच्या डेकवर झोपलो. एके काळी पाच हजारांहून अधिक प्रवासी नेण्याचा परवाना असलेल्या त्या बोटीवर जागा म्हणजे आपण अंथरलेली चटई एवढेच. खालच्या डेकच्या पत्र्यावरचे रिव्हेट चटईतून पाठीला टोचत, आणि इंजिनाची धडधड कानांपेक्षा बरगड्यांनाच अधिक कळत असे.

त्या धडधडीपाशी माझे आजोबा तेलवाला, म्हणजे इंजिनाला तेल घालणारे कामगार, होते. वाफेचे इंजिन उघडे असल्याने क्रँक (इंजिनाचा फिरणारा वाकडा दांडा) फिरून दूर जाताच हात आत घालायचा, बेअरिंगला तळहात लावून ते तापले का ते पाहायचे आणि क्रँक परतण्यापूर्वी हात काढून घ्यायचा, हे काम पाळीभर चाले. बोट इतकी वर्षे टिकली याचे श्रेय मी अशा तळहातांना देतो. (निवृत्तीनंतरही आमचा ताप ते उलट्या हाताने कधी पाहत नसत.)

वरील आठवणींत दुर्गंधी कोणीच लिहिलेली नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी, त्यामुळे नागपट्टणमला होडीतून बोटीपर्यंत जाऊन शिडीने चढत असू. पावसाळ्यात झाकणे बंद केली की ओकारी, तेल आणि ओले कपडे यांचा वास मुक्काम येईपर्यंत हटत नसे. तरीही परतीचे तिकीट आम्ही तिचेच काढले, कारण विमान परवडणारे नव्हते.

मी तिला अखेरीस, मुंबईत पाहिले. १९७३ साली शिपिंग कॉर्पोरेशनने ती घेऊन तिला ‘रंगत’ हे अंदमानातील गावाचे नाव दिले होते. मराठी कानाला ते भलतेच उत्सवी वाटे. १९७४ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. त्याआधी एकदा मी जवळून पाहिले, तेव्हा नव्या रंगाखाली जुन्या अक्षरांच्या कडा उन्हात दिसत होत्या.