टॅपिओका स्टार्च घालून डब्यात न मोडणारी पोळी आणि ब्रेड कसा करायचा? सीलिॲक असलेल्या मुलीसाठी मदत हवी आहे

रानमेवा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय कारण आता खरंच अडलंय.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी तिला सीलिॲक असल्याचं कळलं, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला चालत नाही. त्याआधी दीड वर्ष पोट दुखायचं, वजन वाढेना, हिमोग्लोबिन खाली, जंतांची औषधं झाली टॉनिकं झाली, शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची (सीलिॲक ओळखायची) रक्ततपासणी करून घेतली आणि मग एंडोस्कोपी. तेव्हापासून गहू, मैदा, रवा, शेवया, बार्ली सगळं बंद आणि हे जन्मभराचं आहे हे तिला आणि आम्हालाही पचवायला वेळ लागला. आता ती बरी आहे, वजन अडीच किलो वाढलंय, खेळून आली की भूक भूक करते. ते ऐकलं की मला भरून येतं.

घरी काही अडत नाही. भाकरी, भात, घावन, थालीपीठ (ज्वारी-तांदूळ-डाळींचं), वरईचा भात, सगळं आवडीनं खाते. अडतं ते डब्यात. सकाळी सातला केलेली भाकरी साडेअकराला उघडली की कडा वाळलेल्या आणि घडी केलेल्या जागी तुटलेली. बाकीच्या मुली पोळीचा रोल करून खातात आणि ही तुकडे वेचत बसते. मागच्या आठवड्यात डबा तसाच परत आला, विचारलं तर म्हणाली "आई मला पण गुंडाळता येईल असं काहीतरी दे ना". तिनं आजपर्यंत या आजाराबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही, म्हणून हे वाक्य मनातून जात नाहीये.

तर वाचून वाचून टॅपिओका स्टार्चपर्यंत पोचले. गव्हातल्या ग्लुटेनमुळे येणारा चिवटपणा थोडाफार यानं येतो असं सगळीकडे लिहिलंय. पहिल्यांदा मी घरातला साबुदाणाच मिक्सरला वाटला, वस्त्रगाळ केला आणि ज्वारीत निम्मा मिसळला, कारण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच ना. पीठ आधी ओल्या वाळूसारखं वाटलं म्हणून पाणी वाढवलं, दहा मिनिटांनी बघते तर गोळा दगड, आणि पोळीत पांढरे पांढरे कणीदार ठिपके. मग ऑनलाइन मागवलं, पाकिटावर टॅपिओका फ्लोअर लिहिलंय, स्टार्च नाही, त्यामुळे हे तेच आहे की दुसरं हेही कळंना. तेही निम्मं-निम्मं घेतलं. तव्यावरून उतरली तेव्हा पोळी इतकी छान लवचिक होती की मी सासूबाईंना बोलावून दाखवली, पण दुपारपर्यंत रबर. चावून तिचे गाल दुखले.

ब्रेडही दोनदा केला. तांदळाचं पीठ दोन वाट्या, हे पीठ दोन वाट्या, यीस्ट, कणकेसारखं घट्ट मळलं. फुगला बरा, ओव्हनमधून काढल्यावर बसला आणि आत गच्च, सुरीला चिकटणारा. ती शेजारीच उभी होती म्हणून गरम असतानाच कापला.

माझे प्रश्न असे की साबुदाण्याचं पीठ आणि हे पीठ एकच का, फ्लोअर आणि स्टार्चमध्ये फरक काय, किती प्रमाणात घ्यायचं, आणि कुणी झँथन गमशिवाय (ग्लुटेनऐवजी पीठ बांधायला घालतात ती पावडर) करतं का कारण आमच्या गावात ते मिळत नाही. अंडं चालतं. घरघंटी घेतलीय, त्यात गहू कधीच दळत नाही, त्यामुळे पिठं घरचीच आहेत. प्लीज अनुभव असेल तर लिहा.

माठातलं_पाणी

ताई, आधी लेकीला खूप प्रेम. माझ्या नवऱ्याला सीलिॲक आहे, आम्ही मेलबर्नला असतो, अकरा वर्षं हेच करतेय त्यामुळे लांबलचक लिहिते.

टॅपिओका फ्लोअर आणि टॅपिओका स्टार्च एकच. कसावाचा कंद किसून धुऊन खाली बसलेला जो निव्वळ स्टार्च, तो. चिमटीत दाबला की करकरतो, कॉर्नफ्लोअरसारखा. कसावा फ्लोअर मात्र वेगळं, तो अख्खा कंद वाळवून दळलेला असतो, तंतू असतात, पाणी भरपूर पितो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं घातलं तर सगळं फसतं. आपल्याकडे मक्याचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर यात जो घोळ होतो तोच इथं.

आणि साबुदाणा त्याच स्टार्चचा असला तरी तो कच्चा राहिलेला नसतो. ओल्या स्टार्चच्या गोळ्या करून त्या तापलेल्या तव्यांवर भाजतात किंवा वाफवतात, म्हणजे दाणा अर्धवट शिजूनच आपल्याकडे येतो. तो दळला तर पीठ पाणी हळूहळू ओढत राहतं (तुमचा दगड!) आणि कच्च्या स्टार्चसारखं एकदम फुलून ताणत नाही. साबुदाण्याच्या चिकवड्या करताना चीक शिजून पारदर्शक होतो ना, तो क्षण महत्त्वाचा. टॅपिओका साधारण ६० ते ७० अंशाला फुलायला लागतो आणि तेव्हाच त्याचा चिवट चीक होतो. थंड पाण्यात मळलात तर पीठ नुसतं वाहतं, चिवटपणा येतच नाही.

आता प्रमाण. निम्मं फार होतं. एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलात की रबर होणारच. पोळीसाठी मी ७० ग्रॅम ज्वारी, ३० ग्रॅम टॅपिओका, ४ ग्रॅम इसबगोल, मीठ, चमचाभर तेल घेते आणि ११० ते १२० मिली उकळतं पाणी. वाटीनं नको, वजनानं घ्या, स्टार्चची वाटी दाबून भरली की मोकळी यावर सगळं बदलतं.

झँथन गम नको, इसबगोलच घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो तो साधा, चव नसलेला. ग्लुटेन जे बांधायचं काम करतं ते तो करतो, आणि पाणी धरून ठेवतो म्हणून डब्यात वाळत नाही. स्टार्च ताणतो, इसबगोल बांधतो, दोन्ही लागतात. एकट्या टॅपिओकाकडून सगळं करून घ्यायला गेलं की तुमच्यासारखं होतं, माझंही पहिली दोन वर्षं तेच झालं.

चुलीपाशी

मी लग्नानंतर त्रिशूरला आले, इथं तो कंद म्हणजे कप्पा, रोजच्या जेवणात असतो, उकडून मिरचीच्या चटणीशी नाहीतर मासळीच्या कालवणाशी. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपला बहुतेक साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे बनतो, तिथल्या साबुदाण्याला २०२३ साली जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. त्यामुळे ज्यांना ऑनलाइन महाग पडतं त्यांनी स्टार्च म्हणून विचारून बघा, साबुदाण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे कधीकधी निघतो. पण रानमेवा, तू सुटं आणू नकोस गं, तुझ्या लेकीसाठी पॅकबंदच घे. ग्लुटेनफ्री लिहायचं तर आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही असा नियम आहे, सुट्या पोत्याला कोण तपासणार.

अजून एक, हिंग बघितलास का? डबीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या नणंदेच्या मुलाला सगळं बंद करूनही त्रास होत होता, तो फोडणीतून जात होता.

रानमेवा

हिंग!! आत्ता उठून डबी बघितली. गव्हाचं पीठ लिहिलंय. सात महिने रोज वरणात. हात थरथरतोय टाइप करताना. खूप खूप आभार ताई, आजच फेकला.

माठातलं_पाणी, उकळतं पाणी घातलं तर गुठळ्या नाही का होणार? आणि ब्रेडचंही सांगा ना.

जास्वंदीची_आजी

अगं बाळा, गुठळ्या कशाला होतील, उकड काढायची. मोदकाची काढतेस तशीच. पाण्यात मीठ तेल घालून उकळी आली की गॅस बंद कर, पिठं आणि इसबगोल आधी कोरडंच नीट मिसळून ठेवलेलं एकदम घाल, उलथन्याच्या दांड्यानं ढवळ, वर झाकण, दहा मिनिटं हात लावू नकोस. मग कोमट असताना तेलाच्या हातानं खसाखसा मळ. आमच्याकडे मोदकाच्या तांदळात मूठभर साबुदाणा घालूनच दळायचे, पारी चिरू नये म्हणून. तेव्हा स्टार्च वगैरे शब्द कुणाला ठाऊक, पण गोष्ट तीच. लाटताना वर पोळपाटावर ज्वारीचंच पीठ लाव, स्टार्च लावलास तर तव्यावर पांढरी राहते. मोठ्या आचेवर पटकन भाज, फार वेळ तव्यावर ठेवलीस की कडक. आणि उतरवल्या उतरवल्या सुती फडक्यात एकावर एक, वाफ जिरू दे. डबा गार झाल्यावर भर, गरम भरून झाकण लावलंस तर घाम येऊन चिकटतील.

माठातलं_पाणी

आजींनी सांगितलं त्याच्यापुढे मला काही नको.

ब्रेडचं: तुमची मुख्य चूक घट्ट मळण्यात आहे. ग्लुटेनफ्री ब्रेडचं पीठ कणकेसारखं नसतंच, जाडसर भज्यांच्या पिठासारखं, चमच्यानं भांड्यात ओतण्याजोगं. मी १५० ग्रॅम तांदूळ किंवा ज्वारी, ६० ग्रॅम नाचणी, ९० ग्रॅम टॅपिओका घेते. १८ ग्रॅम इसबगोल ३२० मिली कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून त्याची जेली करायची, त्यात ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल, एक अंडं, मग पिठं. तेल लावलेल्या टिनमध्ये एकदाच फुगवायचं, दुप्पट होऊ द्यायचं नाही, दीडपटीला ओव्हनमध्ये. जास्त फुगला की बसतो. २०० अंशाला ५० ते ६० मिनिटं, वरून लाल झाला तरी आत कच्चा असू शकतो, म्हणून थर्मामीटर असेल तर मध्ये ९६ अंश दिसेपर्यंत थांबा.

आणि पूर्ण गार होईपर्यंत कापायचा नाही, अडीच-तीन तास. गरम असताना आतला स्टार्च अजून चीकच असतो, गार होताना तो घट्ट होऊन ब्रेडचा आकार धरतो. तुमचा दुसरा ब्रेड कदाचित चांगलाच होता, फक्त लवकर कापला गेला. कापून फ्रीजरमध्ये ठेवा, फ्रीजमध्ये नको, फ्रीजमध्ये भुगा होतो.

एक काळजीनं सांगते, टॅपिओकात निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं जवळजवळ नाहीत. तिचं वजन भरून यायचंय ना, त्यामुळे ज्वारी-नाचणी-डाळी मुख्य आणि हे वरचं, असंच ठेवा.

चुलीपाशी

आठवलं म्हणून, रोल सोडून दुसरं काही हवं असेल तर ब्राझीलचे चीजचे गोळे करून दे, पाँव दे केजू म्हणतात. १२५ मिली दूध, ६० मिली तेल, मीठ उकळून २५० ग्रॅम टॅपिओका स्टार्चवर ओतायचं, कोमट झालं की दोन अंडी, १०० ग्रॅम किसलेलं चीज, हात तेलाचा करून लिंबाएवढे गोळे, २०० अंशाला २० मिनिटं. यीस्ट नाही, काही नाही, नुसत्या वाफेनं फुगतात. गरमच छान लागतात, म्हणून डब्याला नाही, शाळेतून आल्यावर दे.

रानमेवा

चार दिवसांनी लिहितेय. पोळी परवा केली, आजींच्या पद्धतीनं. पहिल्या दोन फाटल्या कारण घाईत उकड पुरेशी झाकून ठेवली नव्हती, नंतरच्या पाच नीट झाल्या. साताला केली, एक मुद्दाम बाजूला ठेवली आणि साडेअकराला मी स्वतः घडी करून बघितली, मोडली नाही. थोडी जाड आहे, गव्हासारखी पातळ नाही, पण गुंडाळली जाते. आत बटाट्याची भाजी घालून दिली. डबा रिकामा आला. तिनं काही सांगितलं नाही, फक्त दप्तर ठेवता ठेवता विचारलं "उद्या पण तीच आहे का".

ब्रेड रविवारी करणार. ९० ग्रॅम टॅपिओकाऐवजी थोडा बटाट्याचा स्टार्च चालेल का, आणि ओटीजीत खालचाच रॉड लावायचा की दोन्ही, एवढं कुणी सांगा.

माठातलं_पाणी

चालेल, ५० टॅपिओका आणि ४० बटाटा करा, जरा हलका होतो. दोन्ही रॉड, टिन खालच्या खाचेत, आणि अर्ध्या तासानं वरून फॉइल झाका.