गणपतीच्या देखाव्यात डायनासोर करायचाय: पिसं लावू का नको?

पूर्वभागचा_अण्णा

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळानं देखावा डायनासोरचा ठरवलाय. मूर्ती सोडून बाकी सगळं माझ्या गळ्यात. सांगाडा सळईचा, त्यावर चिकन जाळी, वर फोम आणि फायबर, मान हलवायला गाडीच्या वायपरची मोटर. हे काम मला येतंय, त्याची काळजी नाही.

भांडण वेगळंच लागलंय. पोरं म्हणायलेत पिक्चरमधल्यासारखं कर अण्णा, ‘ज्युरासिक पार्क’, आपल्याकडं ९४ ला हिंदीतनं आलता तो. एक टी-रेक्स, तीन रॅप्टर आणि तो मानेची छत्री उघडून थुंकणारा. थुंकायसाठी पाण्याचा छोटा पंपसुद्धा आणून ठेवलाय. आणि माझी पुतणी, बारावी सायन्सला आहे, ती म्हणतेय काका, त्यातलं निम्मं खोटं आहे, रॅप्टरला पिसं होती. आमचे अध्यक्ष म्हणतात पिसं लावली तर गल्लीतली माणसं म्हणतील, मंडळानं कोंबडी केली.

पिक्चरमधलं खरं किती, खोटं किती, जाणकारांनी सांगा. फायबर ओतायच्या आधी सांगा, नंतर नको.

कडकभाकरी

अण्णा, पिसंच लावा बे. कोंबडी म्हणणाऱ्याकडनं वर्गणी डबल घ्या.

माळरान_काका

अण्णा, पुतणीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. आता निवृत्त आहे आणि दुर्बीण गळ्यात घालून सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर पक्षी बघत फिरणं एवढाच उद्योग. रॅप्टरपासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं फायबर सगळ्यात जास्त वाचणार आहे.

पिक्चरमधला रॅप्टर माणसाएवढा उंच. खरा व्हेलॉसिरॅप्टर मंगोलियाच्या वाळवंटातला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सहा फूट भरेल, पण कमरेशी उंची जेमतेम पावणेदोन फूट आणि वजन पंधरा-वीस किलो. नान्नजचा माळढोक नर आठवा: उभा राहिला की मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. त्याच्या चोचीच्या जागी दात असलेला जबडा घाला, पंखांना नख्यांची तीन बोटं द्या, मागं लांब ताठ शेपूट लावा आणि पायाच्या दुसऱ्या बोटाला एक वाकडी, वर उचललेली नखी. झाला रॅप्टर. तुमच्या मांडवात तीन काय, सात बसतील.

मग पिक्चरमधला तो धिप्पाड आला कुठून? तो खरं म्हणजे डायनोनायकस, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला, जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये जगापुढं आणलेला. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात त्याला व्हेलॉसिरॅप्टरच्याच प्रजातीत घातलं. मायकेल क्रायटन यांच्या कादंबरीत तेच नाव आलं, तिथून पडद्यावर. डायनोनायकससुद्धा पडद्यावरच्याएवढा उंच नव्हता. गंमत म्हणजे १९९३ मध्येच, पिक्चरच्याच वर्षी, युटारॅप्टर जाहीर झाला. तो तेवढाच काय, वजनानं त्याहून थोरला. दिग्दर्शक स्पीलबर्गचं नशीब म्हणायचं.

पिसांचं. १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरचा जीवाश्म पुढं आला, अंगभर बारीक तंतूंचा ठसा घेऊन. त्यामुळं १९९३ च्या पिक्चरला पिसांवरून बोल लावायचा नाही. २००७ मध्ये मात्र खुद्द व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर ओळीनं गाठी दिसल्या. मोठी पिसं हाडाला जिथं घट्ट बसतात तिथं आजच्या पक्ष्यांनाही तशाच गाठी असतात. तिथं वाद मिटला. तरी २०१५ आणि २०१८ मध्ये पडद्यावर रॅप्टर उघडेबोडकेच! माझा राग त्या दोन पिक्चरवर आहे, पहिल्यावर नाही.

आणि हात! तुम्ही हमखास पंजे जमिनीकडं वळवून करणार, पिक्चरमध्ये तसेच आहेत. त्याचं मनगट तसं वळायचंच नाही. टाळी वाजवा आणि तिथंच हात धरून ठेवा. तळवे समोरासमोर, हीच खरी ठेवण.

तुमचा पंप मात्र परत करा. डायलोफोसॉरसच्या मानेला छत्री होती किंवा तो विष थुंकायचा, याला हाडांत कसलाही पुरावा नाही. डोक्यावरचे दोन तुरे तेवढे खरे. पडद्यावर तो माणसाहून बुटका दाखवलाय, प्रत्यक्षात वीस फुटांच्या आसपास लांब होता. म्हणजे रॅप्टर फुगवला आणि ह्याला आटवला.

चादरवाला_रॉकी

काका, मान्य सगळं, पण पिक्चर हा पिक्चर असतो की ओ. माळढोकाएवढा प्राणी स्वयंपाकघरात शिरला असता तर त्या पोरांनी झाडूनं हाकलला असता. भीती कशी वाटणार? शिवाय २०१५ च्या भागात डायनासोर बनवणारा तो डॉक्टर वू स्वतःच म्हणतो, आम्ही दुसऱ्या प्राण्यांचे जीन्स घालून रिकाम्या जागा भरल्यात, जनावरं मुळात अशी नव्हतीच. विषय संपला. आणि टी-रेक्सबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. तो तर बरोबर आहे ना? जीपमागं पळतो तो सीन आजही काटा आणतो.

माळरान_काका

रॉकी, वूचं म्हणणं म्हणजे पेपर कोरा सोडून ‘प्रश्नच चुकीचा होता’ म्हणण्यातला प्रकार. वर्गात मी ते चालू दिलं नाही, इथंही देणार नाही. आणि पंधरा किलोचा शिकारी झाडूला भीत नसतो. नान्नजला लांडगा पाहिलायस का कधी? तोही फार मोठा नसतो.

जीन्सचंच बोलायचं तर डीएनए इतका टिकत नाही. न्यूझीलंडमधल्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये हिशेब निघाला की साधारण ५२१ वर्षांत निम्मे दुवे तुटतात. गोठलेल्या जमिनीत जास्त तग धरतो. ग्रीनलंडमधला सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा वाचता आलाय. डायनासोर गेले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पिक्चरमध्ये राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनासोरचं रक्त काढतात, ते विसर.

टी-रेक्स त्यातल्या त्यात बरा जमलाय. पाठ आडवी, शेपूट हवेत, हे त्यांनी नीट केलं. अण्णा, जत्रेत असतो तसला शेपटीवर टेकून उभा राहिलेला करू नका. पिसांची चिंता इथं नको. २०१७ मध्ये मान, कंबर आणि शेपटीवरच्या कातडीचे ठसे तपासले, त्यात खवले दिसले. ‘हलू नका, त्याला दिसणार नाही’ ही मात्र थाप. डोळे समोर वळलेले, अंतराचा अंदाज उत्तम, शिवाय वास घेणारा मेंदूचा भाग भला मोठा. पुतळा होऊन उभा राहिलास तरी हुंगून काढेल. जीपमागं पळणंही अवघडच. तसं पळायला पायांत किती स्नायू लागतील याचं गणित २००२ मध्ये मांडलं गेलं, ते त्याच्या शरीरात मावेना. झपझप चालायचा म्हण. आणि २०२३ च्या एका अभ्यासाप्रमाणं तोंड मिटल्यावर दात ओठांआड झाकले जायचे. अण्णा, तेवढे दात करायचे वाचले.

वरोऱ्याची_सून_सोलापूरची_लेक

काका, अण्णा, मी मूळची आपली अक्कलकोट रोडची, सासर वरोऱ्याकडं. सगळे मंगोलिया-अमेरिका करताहेत, पण आपल्या राज्यातला डायनासोर कुणालाच आठवला नाही! आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इसिसॉरस सापडलाय, लांब मानेचा शाकाहारी. त्याचं दंडाचं हाडच जवळजवळ दीड मीटर. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून २००३ मध्ये त्याचं हे नाव पडलं. तिथूनच जवळ पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे कण सापडले आणि डायनासोरच्या काळी गवत होतं हे पक्कं झालं. अण्णा, देखाव्यात बिनधास्त गवत लावा!

शिकारी पाहिजे तर गुजरातचा राजासॉरस आहे, कपाळावर बुटकं शिंग असलेला. टी-रेक्सनं भारत कधी पाहिला नाही. आणि मुलं विचारतीलच, सोलापुरात का नाही सापडत? आपण बसलोय काळ्या दगडावर, म्हणजे थंड झालेल्या लाव्हावर. हाडं मिळतात ती लाव्हाच्या कडेकडेनं, खालच्या आणि मधल्या गाळाच्या थरांत: चंद्रपूर, जबलपूर, नर्मदेचं खोरं.

पूर्वभागचा_अण्णा

ताई, काका, लई उपकार झाले. रात्री मीटिंग झाली. टी-रेक्स कॅन्सल, राजासॉरस मंजूर. इसिसॉरसची नुसती मान आणि पुढचे दोन पाय करतो, बाकीचा पडद्यामागं, नाहीतर मांडव फाडावा लागंल. छत्रीवाला काढला. पंप परत घेत नाही म्हणाला दुकानदार, म्हणून इसिसॉरसपुढं पाणवठा करायलोय.

रॅप्टर तीन, पुतणीनं सांगितलेल्या मापाचे. पिसांसाठी टॉवेलच्या कारखान्यातलं वेस्टेज सूत आणलंय पोतंभर, पांढरं आणि खाकी. अध्यक्षांनी एक नमुना बघितला, काही बोलले नाहीत, म्हणजे पास. आता दोनच गोष्टी राहिल्या. आवाज कुठला लावू, आणि रंग कुठला मारू?

माळरान_काका

पिक्चरमधली डरकाळी लावू नका. ती हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज एकत्र करून बनवलेली आहे. रॅप्टरच्या आवाजात तर जुगणाऱ्या कासवांचा आवाज आहे, हे मांडवात कुणाला सांगू नका. मगर आणि बरेच मोठे पक्षी तोंड मिटून, गळा फुगवून खोल घुमणारा आवाज काढतात. काही डायनासोरही तसेच घुमत असावेत असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. पावसाळ्यात माळढोक नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा, अर्ध्या किलोमीटरवर ऐकू यायचं. आता नान्नजला तो दिसणंच दुर्मिळ झालंय. माझ्याकडं जुनं रेकॉर्डिंग आहे, खरखर आहे थोडी, पण स्पीकरवर सावकाश वाजवलं की छातीत घुमेल. पेनड्राइव्हवर देतो.

रंगाचं म्हणाल तर सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पिसांतले रंगाचे कण २०१० मध्ये ओळखता आले: शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे. तुमच्या रॅप्टरला तोच नियम लागू नाही, पण वाळवंटातला शिकारी म्हणून खाकी पाठ, पांढरं पोट कुणी खोडून काढू शकणार नाही. सूत रंगवूच नका. फक्त हाताची पिसं लांब सोडा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, आणि फेविकॉल वाळल्यावरच कातरा.