एटीसीला शेअर बाजारात उभं करायला निघालेल्यांना

अंत्रुजकर:
परवा एका गटात कुणीतरी लिहिलं, ‘विमानतळ प्राधिकरणाकडून एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, काढून घ्या, वेगळी कंपनी करा, शेअर विका. ब्रिटन-कॅनडाने केलं, धंदा झकास चाललाय.’ त्यावर लाइकचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिटनने जुलै २००१ मध्ये तिथली एटीसी चालवणाऱ्या नॅट्सचा ४६ टक्के हिस्सा विमान कंपन्यांच्या गटाला विकला. दोन महिन्यांत ११ सप्टेंबर झालं. अटलांटिकवरची वाहतूक घसरली आणि खरेदीसाठी काढलेलं कर्ज नॅट्सच्याच डोक्यावर बसलेलं. शेवटी २००३ मध्ये सरकारने साडेसहा कोटी पौंड आणि बीएए या विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने तेवढेच ओतले, तेव्हा कंपनी तगली. झकास धंदा म्हणतात तो हा?

आणि कॅनडा! १९९६ मध्ये तिथली एटीसी चालवायला नॅव्ह कॅनडा उभी राहिली ती ना-नफा संस्था म्हणून. तिला विकायला शेअरच नाहीत. कोविडमध्ये आकाश रिकामं झालं तेव्हा तिने सप्टेंबर २०२० पासून दर सरासरी २९.५ टक्के वाढवले. कुणाकडून घेणार ते पैसे? आधीच आडव्या झालेल्या विमान कंपन्यांकडून.

रात्री तीन विमानं येवोत की तीस, रडार चालू ठेवावंच लागतं, पाळीची माणसं खुर्चीत लागतातच. उत्पन्न रहदारीवर, खर्च मात्र तयारीवर. अशा कामाचं मोल तिमाही नफ्यात करायचं नसतं.

म्हापसेकार:
म्हणजे हिशेबच विचारायचा नाही? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे (विमानाच्या नियोजित मार्गाचे) संदेश पोचवणारी यंत्रणा बंद पडली. कंट्रोलर प्लॅन हाताने भरत होते, शेकडो विमानं रखडली. पैसे नव्हते म्हणून? आखातातून कोलंबोला जाणारं विमान अरबी समुद्रावर मुंबईच्या हद्दीतून जातं. भारतात चाक टेकवत नाही, तरी वजन आणि अंतर बघून मार्गाचा आकार, म्हणजे शुल्क, भरतं. विमानतळं चालवणारं प्राधिकरण, एटीसी चालवणारंही तेच, गल्ला एकच. टर्मिनलच्या फरशीवर किती गेले नि रडारवर किती, हे प्रवाशाला कुठे दिसतं? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय समितीनेच कंट्रोलरांचा तुटवडा आणि थकवा यांवर बोट ठेवलं होतं.

अंत्रुजकर:
खासगी भागीदार आले की यंत्रणा बंद पडत नाहीत का? २८ ऑगस्ट २०२३, नॅट्स. एका फ्लाइट प्लॅनमध्ये मार्गावरच्या ठिकाणाची ‘डीव्हीएल’ ही खूण दोनदा आली: एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, दुसरं फ्रान्सचं दोव्हील. संगणकाला उलगडा झाला नाही, वीस सेकंदांत मुख्य आणि राखीव दोन्ही यंत्रणा बंद. सात लाखांवर प्रवासी अडकले.

वास्कोकार:
लंडन-दिल्ली पुरे झालं. आमच्या गोव्यातल्या दाबोळी विमानतळाचं बोला! १९६२ पासून धावपट्टी नौदलाची, एटीसी नौदलाची. वर्षानुवर्षं आठवड्याचे पाच दिवस सकाळचे तास लढाऊ विमानांच्या सरावाला, नागरी विमानांनी उरलेल्या वेळात दाटीवाटीने उतरायचं. मग म्हणायचं दाबोळीला जागा नाही, पेडण्यातल्या नव्या मोपा विमानतळाला चला. माझा मेव्हणा टॅक्सी चालवतो. एक आखाती कंपनी मोपाला गेली आणि त्याची रात्रीची भाडी गेली. त्याचा हप्ता कोण भरणार?

पेडणेकार:
तुमचा हप्ता दिसतो, आमच्या जमिनी नाही दिसत? मोपाच्या पठारावरून धनगरांची घरं उठवली, वारखंड, कासारवर्णेच्या लोकांची काजूची झाडं गेली. ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा पेडण्याच्या पोरांना घराजवळ कामं दिसू लागली. लगेच तुमच्या पोटात दुखलं. टॅक्सीच्या धंद्यावर आमचाही हक्क आहे.

वास्कोकार:
हक्क सांगा, पण दाबोळी मारून नको. उद्या दाबोळी बंद पडली तर गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाने पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री निघायचं का?

पेडणेकार:
आम्ही इतकी वर्षं तेच केलं. तेव्हा कुठे होता तुम्ही?

म्हापसेकार:
मेव्हण्याच्या टॅक्सीपायी देशाच्या एटीसीची चर्चा बुडवू नका.

वास्कोकार:
तुम्ही महिना पगार घेणारे. टॅक्सीवाल्याचं पोट म्हणजे तुम्हाला फालतू वाटणारच.

सांखळीची सून:
भांडा खुशाल, पण मी एटीसी घरातून बघते. नवरा कंट्रोलर. कुठे ते सांगत नाही. रात्रपाळी करून आला की तो गाडीच्या चावीला हात लावत नाही, मुलाला शाळेत मी सोडते. जेवताना कुणी एकमेकांजवळचे दोन आकडे बोललं तरी त्याचा घास थांबतो. पाळीला दोन माणसं कमी आली की उरलेल्यांच्या डोक्यावर तेवढी विमानं जास्त. मालक सरकार की कंपनी हे नंतर ठरवा, आधी रिकाम्या खुर्च्या भरा. आणि म्हापसेकार, नफा दाखवायला निघालेली कंपनी पहिली कात्री माणसांवरच लावते. माझ्या वडिलांच्या कारखान्यात आम्ही हे भोगलंय.

म्हापसेकार:
वहिनी, तुमच्यासमोर काय बोलणार? बरं, शेअर विकायचं सोडतो. पण वेगळी संस्था आणि वेगळा ताळेबंद हवाच. कॅनडासारखी ना-नफा असली तरी चालेल.

अंत्रुजकर:
ताळेबंदाला माझा विरोध नाही, मालकीला आहे. आणि ताळेबंद मांडाल तर उडानचंही लिहा, लहान गावांना स्वस्त विमानसेवा देणाऱ्या सरकारी योजनेचं. या योजनेतल्या विमानांना टर्मिनल नेव्हिगेशनचा, म्हणजे विमानतळाजवळच्या मार्गदर्शनाचा, आकार माफ, मार्गाच्या आकारात सवलत. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईचं विमान आलं, तेव्हा सावंतवाडी-कुडाळची माणसं किती खूश होती! नफ्यावर डोळा असलेली कंपनी असा मार्ग आनंदाने सांभाळेल? सवलत सरकारने द्यावी आणि तेवढी रक्कम एटीसीच्या खात्यात भरावी. त्यातून भरती करा, जुन्या यंत्रणा बदला.

म्हापसेकार:
सरकार भरेल यावर तुमचा विश्वास आहे, माझा नाही. बाकी मुद्दा मान्य.

पेडणेकार:
आणि मोपा चालवणाऱ्या कंपनीने राज्याला महसुलातला ३६.९९ टक्के वाटा द्यायचं ठरलंय, त्यातला पेडण्यासाठी किती खर्चणार ते कोण विचारणार?

अंत्रुजकर:
त्याचा एटीसीशी संबंध नाही. मोपा-दाबोळीवर वेगळा धागा काढा.

वास्कोकार:
काढतोच आज. पेडणेकारांनी तिथे यावं, धनगरांच्या घरांचंही बोलू. माझा राग त्यांच्यावर नव्हता.