हॅनेमननंतरचा स्लेयर हा स्लेयर होता का?

धागाकर्ता

३० नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवूडच्या फोरम सभागृहात स्लेयर या अमेरिकन थ्रॅश मेटल (हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) बँडने निरोपाचा कार्यक्रम केला. तो संपल्यावर गिटारवादक केरी किंगने कमरेची साखळी काढून रंगमंचावर ठेवली आणि गायक व बासवादक टॉम अराया बराच वेळ काही न बोलता श्रोत्यांकडे पाहत उभा राहिला. पाच वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, हाच बँड अमेरिकेतील काही महोत्सवांत पुन्हा वाजवणार असल्याचे जाहीर झाले आणि निरोप घेऊन परत येणे योग्य की अयोग्य यावर चाहत्यांत हमरीतुमरी सुरू झाली. माझ्या मते हा वाद चुकीच्या तारखेवरून चालला आहे. स्लेयर हे नाव खाली ठेवायला हवे होते ते २ मे २०१३ रोजी, बँडचा दुसरा गिटारवादक जेफ हॅनेमन वारला त्या दिवशी.

गाण्यांचे श्रेय कोणाकडे जाते ते पाहावे. ‘एंजल ऑफ डेथ’चे शब्द आणि संगीत दोन्ही हॅनेमनचे. ‘रेनिंग ब्लड’, ‘साउथ ऑफ हेवन’, ‘डेड स्किन मास्क’, ‘वॉर एन्सेम्बल’, ‘सीझन्स इन द अबिस’ या सगळ्यांचे संगीत त्याचेच. १९८१ साली बँड सुरू झाला तेव्हा ही मुले आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडांची गाणी वाजवत होती, आणि किंगचा जीव त्याच परंपरेत रमलेला होता. तिच्यात हार्डकोर पंकचा वेग आणि तुटकपणा आणला तो हॅनेमनने. त्यातून ऑक्टोबर १९८६ मध्ये ‘रेन इन ब्लड’ आला: दहा गाणी, जेमतेम २९ मिनिटे. अख्खा अल्बम कॅसेटच्या एका बाजूवर मावत असल्यामुळे दुसऱ्या बाजूवर तोच पुन्हा भरला होता.

‘रेनिंग ब्लड’ची सुरुवात लक्ष देऊन ऐकावी. पाऊस, गडगडाट, त्यातून येणारे ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे तीन-तीन ठोके, आणि मग ती रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा): खालच्या तारेवर दाबून वाजवलेले झटपट आघात आणि त्यांच्यामागून अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत जाणारी ओळ. ती कोणत्याही थाटात बसत नाही आणि तरीही एकदा ऐकली की जन्मभर गुणगुणता येते. असे सुचणारा माणूस बँडमध्ये एकच होता. तो गेल्यावर त्याच नावाने नवा अल्बम काढणे मला आजही पटत नाही.

डबल बास

धागाकर्त्यांचे हॅनेमनवरचे प्रेम समजण्यासारखे आहे, परंतु त्या प्रेमापोटी ते बाकीच्या तिघांचे आयुष्य खोडून टाकत आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये ‘शो नो मर्सी’ निघाला तेव्हा त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला? अराया त्या काळात रुग्णालयात श्वसनोपचाराचे काम करत असे. त्याची बचत आणि किंगच्या वडिलांनी उसने दिलेले पैसे यांवर तो अल्बम उभा राहिला. चिलीत जन्मलेला अराया, क्यूबात जन्मलेला लोम्बार्डो आणि लॉस एंजेलिसच्या परिसरात वाढलेले दोन गिटारवादक अशा चौघांनी मिळून हे नाव कमावले. त्यावर एकट्याचा हक्क सांगणे इतरांवर अन्याय करणारे आहे.

शिवाय लोम्बार्डो १९९२ मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी पॉल बोस्टाफ आला, तेव्हा बँड बंद करा असे फारसे कोणी म्हटले नाही. वास्तविक ‘रेन इन ब्लड’च्या थरारात दोन्ही पायांनी वाजवायच्या दुहेरी बास ड्रमचा वाटा रिफपेक्षा कमी नाही, ‘एंजल ऑफ डेथ’च्या उत्तरार्धात सगळी वाद्ये थांबून फक्त लोम्बार्डोचे पाय ऐकू येतात, त्या काही क्षणांवर ड्रम वाजवणाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या आहेत. ड्रमर बदलला तरी नाव टिकते आणि गिटारवादक गेला की नाव संपते, हा न्याय कोणता?

आणि हॅनेमननंतरच्या ज्या ‘रिपेंटलेस’ अल्बमला धागाकर्ते नाव न घेता नाकारत आहेत, तो २०१५ मध्ये बिलबोर्ड २०० या अमेरिकेतील अल्बमविक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचला. त्याआधीचा एकही स्लेयर अल्बम इतका वर गेला नव्हता. श्रोत्यांनी त्याला स्लेयर म्हणूनच विकत घेतले.

धागाकर्ता

यादीतील क्रमांकाचा दाखला इथे लागू होत नाही. १९८६ मध्ये त्या यादीत शिरायला जितक्या प्रती खपवाव्या लागत, त्याच्या मानाने २०१५ मध्ये फारच थोड्या पुरत असत, कारण एव्हाना अल्बम विकत घेणारेच उरले नव्हते. चौथा क्रमांक मिळाला तो तीस वर्षे जपलेल्या निष्ठेला.

‘रिपेंटलेस’मध्ये हॅनेमनचे एकच गाणे आहे, ‘पियानो वायर’. बाकीचे संगीत किंगचे. किंग कष्टाळू आहे, त्याचा उजवा हात लोखंडी आहे, हे मी शंभरदा मान्य करीन. पण सलग ऐकताना त्याच्या रिफा एकाच दिशेने धावतात. हॅनेमन असताना त्या धावण्याला वळण मिळत असे. ‘रेन इन ब्लड’च्या वेगापुढे जाता येणार नाही हे ओळखून त्यांनी १९८८ मध्ये जाणूनबुजून वेग कमी केला आणि ‘साउथ ऑफ हेवन’ची संथ, घुसमटवणारी सुरुवात जन्माला आली. थांबायचे कुठे हे कळणारा माणूस बँडला लागतो. ड्रमरच्या तुलनेबद्दल एवढेच म्हणेन की बोस्टाफ आला तेव्हा गाणी लिहिणारे हात तेच होते.

जुन्या कॅसेटी

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, परंतु माझे कारण शब्दांशी निगडित आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

हॅनेमनचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढले होते. त्यांनी घरी आणलेली पदके पाहून मुलाला युद्धाच्या इतिहासाचे वेड लागले, आणि ऑश्विट्झमध्ये माणसांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टर मेंगेलेवर त्याने ‘एंजल ऑफ डेथ’ लिहिले. त्या गाण्यामुळे आणि मुखपृष्ठामुळे कोलंबिया कंपनीने अल्बम वितरित करायला नकार दिला आणि अखेर गेफेनने तो बाजारात आणला. नाझी विचारांचा आरोप बँडच्या मागे कायमचा लागला. गाणे नीट वाचले तर त्यात कौतुक कुठेही नाही; निवाडा न देता भीषणता समोर ठेवलेली आहे, आणि ऐकणारा त्यामुळेच अस्वस्थ होतो.

आता २००६ चा ‘ख्राइस्ट इल्युजन’ घ्या. हात तुटलेल्या येशूचे चित्र मुखपृष्ठावर होते. मुंबईतील एका कॅथलिक संघटनेने आक्षेप घेतल्यावर ईएमआय या संगीत कंपनीच्या भारतीय शाखेने दुकानांतला साठा परत मागवून नष्ट केला. मला अल्बमवरची बंदी मान्य नाही, हे आधीच स्पष्ट करते. परंतु त्या अल्बममधील किंगची धर्मावरची गाणी आणि हॅनेमनच्या संगीतावर अरायाने लिहिलेले ‘आइज ऑफ द इन्सेन’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्या प्रकारात घोषणा आहे. दुसऱ्यात रणांगणावरून परतलेल्या सैनिकाचे विस्कटलेले मन आहे. स्लेयरला पहिले ग्रॅमी पारितोषिक २००७ मध्ये मिळाले ते या दुसऱ्या गाण्यासाठी. हॅनेमन गेल्यावर बँडच्या शब्दांत घोषणाच जास्त उरल्या असे मला वाटते.

डबल बास

ही वडाची साल पिंपळाला लावण्यातली गत झाली. ‘आइज ऑफ द इन्सेन’चे शब्द अरायाचे आहेत, आणि अराया २०१३ नंतरही बँडमध्येच होता. शब्दांची खोली हॅनेमनबरोबर गेली असे या उदाहरणावरून सिद्ध होत नाही, उलट ती दुसऱ्या एका माणसातही होती एवढेच दिसते.

गिटारवाला

वाद दोन्ही बाजूंनी चांगला चालला आहे, पण भारतातल्या आपल्यासारख्यांचा विचार कोणीच केलेला नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये स्लेयर बंगळुरूला आला. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्यांपैकी मी एक. त्या रात्री हॅनेमन रंगमंचावर नव्हता. २०११ च्या सुरुवातीला त्याच्या हाताला मांस सडवणारा भयंकर जंतुसंसर्ग झाला होता, तो कोळी चावल्याने झाला असे त्या वेळी सांगितले गेले, आणि तेव्हापासून त्याच्या जागी एक्झोडस या दुसऱ्या थ्रॅश बँडचा गॅरी होल्ट वाजवत होता. म्हणजे आपल्या देशातील श्रोत्यांनी हॅनेमनसह स्लेयर कधी पाहिलाच नाही. मग आम्ही मैदानात उभे राहून ज्याला दाद दिली ते काय होते?

माझे उत्तर असे की तो स्लेयरच होता. मी होल्टच्या बाजूला, कठड्याजवळ उभा होतो आणि पूर्ण वेळ त्याचा डावा हात पाहत होतो. रिफ वाजवताना तो तसूभरही इकडेतिकडे जात नव्हता. किंग आणि तो दोघे मिळून एकच जाड आवाज उभा करत होते, जसा ध्वनिमुद्रणात आहे तसा. सोलो (गिटारवादकाने एकट्याने वाजवायचा भाग) आला की मात्र होल्ट स्वतःचे वाजवत होता, कारण हॅनेमनचे सोलो, ते आर्त किंचाळणारे, सुरांचा हिशेब न ठेवणारे सोलो, स्वरलिपीबरहुकूम वाजवले तर निर्जीव होतात. दुसऱ्याच्या जागी उभे राहताना किती स्वतःचे घालावे आणि किती नाही, याचे इतके चोख भान मी क्वचित पाहिले आहे. होल्ट भाडोत्री हात नव्हता हेही लक्षात घ्यावे. १९८० च्या दशकात थ्रॅश घडवणाऱ्यांपैकी तो स्वतः एक आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: हॅनेमनने ही व्यवस्था स्वीकारली होती. २३ एप्रिल २०११ रोजी इंडिओ येथे चार मोठ्या थ्रॅश बँडांचा एकत्र कार्यक्रम झाला, तेव्हा तो अखेरच्या दोन गाण्यांपुरता रंगमंचावर आला, ‘साउथ ऑफ हेवन’ आणि ‘एंजल ऑफ डेथ’ वाजवून गेला, आणि बाकीचा कार्यक्रम त्याने होल्टवर सोपवला. ज्याचे नाव पुढे करून आपण बँड बंद करायला सांगत आहोत, त्याने स्वतः बँड थांबवला नाही.

धागाकर्ता

गिटारवाला यांचा मुद्दा या चर्चेतील सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. आजारी माणसाची जागा राखणे आणि गेलेल्या माणसाची जागा भरणे यांत मी फरक करतो. २०११ आणि २०१२ मध्ये होल्ट जागा राखत होता. हॅनेमन बरा होऊन परतेल ही आशा सगळ्यांना होती, आणि त्या काळातला बंगळुरूचा कार्यक्रम मी निःसंशय स्लेयरचाच मानतो, विशेषतः ड्रमवर मधल्या काळात बँडमध्ये परतलेला लोम्बार्डो असल्यामुळे. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये मानधनाच्या वादातून लोम्बार्डोला वगळले गेले, मेमध्ये हॅनेमन वयाच्या ४९ व्या वर्षी यकृताच्या विकाराने गेला, आणि ‘रेन इन ब्लड’ घडवणाऱ्या चौघांपैकी दोघेच उरले. त्या गाण्यांचे कार्यक्रम त्यांनी आमरण करावेत, माझी हरकत नाही. हरकत आहे ती नव्या गाण्यांवर जुने नाव घालण्याला.

डबल बास

मग आपण दोघे एका ठिकाणी पोचतो, आणि ते ठिकाण धाग्याच्या सुरुवातीपेक्षा वेगळे आहे. मे २०२४ मध्ये किंगने ‘फ्रॉम हेल आय राइज’ हा अल्बम काढला तो स्वतःच्या नावावर. ड्रमवर बोस्टाफच होता, गायला डेथ एंजल या बँडचा मार्क ओसेग्वेडा होता, आणि किंगने मनात आणले असते तर त्याच रिफा स्लेयरच्या नावाने विकता आल्या असत्या. त्याने तसे केले नाही. परतलेल्या स्लेयरचा नवा अल्बम निघणार नाही, फक्त मोजके कार्यक्रम होतील, असेही त्याने सांगितले. म्हणजे धागाकर्त्यांची कसोटी लावली तर आजचा, निरोप घेऊन परतलेला स्लेयर त्या कसोटीला उतरतो आणि २०१५ चा उतरत नाही. चाहत्यांचा राग मात्र नेमका २०२४ वर आहे.

माझे मत तरीही कायम आहे. ‘रिपेंटलेस’च्या वेळी अराया गात होता, ‘पियानो वायर’ त्या अल्बमात जपून ठेवले होते, आणि निरोपाच्या रात्री शेवटचे गाणे ‘एंजल ऑफ डेथ’ वाजत असताना मागे हॅनेमनच्या नावाचा भव्य पडदा लावलेला होता.

जुन्या कॅसेटी

पडद्यावर नाव लावले म्हणून गाण्यात माणूस येत नाही. ‘पियानो वायर’ आणि त्याच्या आधीचे गाणे लागोपाठ ऐकावे, एवढेच माझे म्हणणे आहे.